पोथीतली चाळीस तिकिटं

जमना तामोरेच्या घरातल्या एका कुकरला झाकण नाही. पाच लिटरचा, जाड बुडाचा कुकर, दांडा अजून घट्ट. जमना त्यात भात शिजवते, तोंडावर ताट ठेवते आणि ताटावर वरवंटा. सून दीपिका लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "आई, ह्याचं झाकण कुठंय?"

"नवापूरला," जमना म्हणाली. जसं काही ते झाकण माहेरपणाला गेलंय.

दीपिकानं मग नवा कुकर आणला. पण जुना भंगारात द्यायचा विषय निघाला की सासू उठून बाल्कनीत जायची आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायची. तेव्हा तो विषय त्या घरात कुणी काढत नाही.

बोईसरला राहायला येऊन जमनाला बावीस वर्षं झाली. मुलगा नीलेश कारखान्यात शिफ्टला जातो. नवरा दादू जाऊन आठ वर्षं झाली. बोईसरच्या आधीचं सगळं आयुष्य नवापूरच्या किनाऱ्यावर गेलं, डोक्यावर मासळीची टोपली घेऊन. आता टोपली नाही, पण श्रावण आहे. श्रावणातला पोथीचा नेम जमनानं एकही वर्ष चुकवला नाही. प्रतिपदेला सुरुवात, रोज एक अध्याय, आणि नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी समाप्ती. दुसऱ्या दिवशी दर्याला नारळ, की पोथी लाल कापडात बांधून वर्षभर देव्हाऱ्याच्या फळीवर.

ह्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. जमनाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि वाचायला डॉक्टरनं सक्त मनाई केली. शिवाय पोथीची पानं आता हात लावला की सुटी होत होती. दीपिकानं मोठ्या अक्षरांची नवी पोथी आणून ठेवली. नीलेश म्हणाला, "ह्या वर्षी जुनीतूनच वाचून घ्या. मग पुनवेला नवापूरच्या दर्यात सोडून येऊ." फाटली म्हणून काही पोथी रद्दीत देत नाहीत.

वाचायचं काम नात सलोनीनं घेतलं. कॉलेजात जाणारी मुलगी, पण रोज सकाळी आंघोळ करून आजीसमोर बसायची. काळा चष्मा लावलेली जमना हात जोडून ऐकायची. सात अध्याय सुरळीत झाले. आठव्या दिवशी जमना म्हणाली, "आज मी वाचंन."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पाठ हाय माझा आठवा."

"पाठ आहे तर पोथी कशाला उघडायची? दे इकडे."

सलोनीनं पोथी ओढली, आठवा अध्याय उघडला, आणि पानांमधून एक कागदाची पट्टी तिच्या मांडीवर पडली. हिरवी तिकिटं. चार ओळी, एकेका ओळीत दहा. प्रत्येकावर समईचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'अंबिका ग्राहक भांडार, बोईसर'. एकही तिकीट फाडलेलं नव्हतं.

"आजी, हे काय?"

जमना म्हणाली, "आधी अध्याय वाच. मग सांगते."

अध्याय झाला, आरती झाली, चहा झाला, तरी जमना सांगेना. सलोनी पट्टी हातात धरून समोर बसून राहिली, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

बोईसरला अंबिका भांडार उघडलं त्याला आता तीस वर्षं होतील. गिऱ्हाइकानं स्वतः आत शिरायचं आणि हवं ते टोपलीत भरायचं, असलं दुकान तोवर कुणी पाहिलं नव्हतं. "टोपली आपून भरायची, वाहायची आपून, आन वर पैसं बी आपूनच द्यायचं!" असं म्हणून नवसी दारातच हसत उभी राहिली होती. नवसी जमनाची शेजारीण. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, दोघी एकाच एसटीनं मासळी घेऊन बोईसरला यायच्या. जमना कॉलनीच्या गल्ल्यांत फिरायची, नवसी कारखान्यांकडच्या चाळींत.

भांडारात पंचवीस रुपयांच्या सामानावर एक तिकीट मिळायचं. पन्नास तिकिटांची एक वही. काचेच्या कपाटात बक्षिसं मांडलेली असत: चाळीस तिकिटांना शाळेचा स्टीलचा डबा, दोनशेला थर्मास, सहाशेला कुकर.

"म्हणजे पॉइंट्स!" सलोनी म्हणाली. "माझ्या मोबाइलवर जमतात तसे."

"तुझे पॉइंट जिभेनं चाटावे लागतात का?"

"शी! नाही."

"मग तसे नाय."

सहाशे तिकिटं म्हणजे पंधरा हजारांचं सामान. मासळी विकणाऱ्या बाईनं एवढं सामान कधी घ्यायचं? पण कॉलनीतल्या बायका महिन्याचा किराणा एकदम भरायच्या आणि तिकिटं फ्रिजवर टाकून विसरायच्या. मासळी घेताना गिऱ्हाइकानं 'एक वर टाक' म्हणायचं आणि विकणारीनं कुरकुरत वर टाकायचं, ही जगाची रीत. जमनानं ती उलटी केली. "बाय, तिकिटं पडलीत का घरात? द्या, दोन बोंबील वर टाकते." नवसीनं चाळींत तेच सुरू केलं. महिनाभरात अशी गत झाली, की बायका मासळीचा भाव विचारायच्या आधी तिकिटं पुढं करायच्या.

वह्या नवसीच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. कारण तिची कौलं गळत नसत. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून तिकिटं चाटून चिकटवायच्या. डिंक गोडसर असायचा. "दोन पानं चाटली का जेवान नको," नवसी म्हणायची. वह्यांना असा वास लागला, की भांडाराचा शेठ त्या दोन बोटांत धरायचा आणि म्हणायचा, "मावशी, ये वही है के बोंबील?"

कुकर एक आणि घरं दोन. पण त्याचाही निवाडा आधीच झाला होता. पुनव-अवसेला दर्याला उधाण येतं, तेव्हा मासळी जास्त आणि नवसीच्या घरी होडीवरची माणसं जेवायला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा पाणी थंड, सगळंच निवांत. तर उधाणाचे आठ दिवस कुकर नवसीकडं, भांगाचे आठ दिवस जमनाकडं. दोघींच्या नवऱ्यांना हे ऐकून फार हसू आलं होतं, पण बायका अगदी गंभीर होत्या.

त्या वर्षीच्या श्रावणात होड्या बंद, म्हणून जमना कॉलनीत नारळ आणि केळीची पानं घेऊन जायची. ओकबाई म्हणून एक गिऱ्हाईक होतं. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना त्यांनी भांडारातून सत्यनारायणाचं आणि जेवणावळीचं सामान घेतलं होतं, त्याची अख्खी पट्टी जमनाच्या हातात दिली. चाळीस तिकिटं!

तो सोमवार होता. जमनाचा कडक उपास. डिंक कशाचा करतात कुणास ठाऊक, तो उपासाला कसा चाटायचा? उद्या नवसीकडं नेऊन चिकटवू म्हणून तिनं पट्टी घरातल्या सगळ्यात कोरड्या आणि सगळ्यात पवित्र जागी ठेवली. वाचून झालेल्या आठव्या अध्यायात. दुसऱ्या दिवशी नववा अध्याय उघडला, मग दहावा. पुनवेनंतर पोथी कापडात बांधली गेली.

दिवाळीच्या आधी दोघी भांडारात बारा वह्या घेऊन गेल्या. शेठनं मोजलं आणि शेवटची वही उघडी पुढं सरकवली. तिच्यात नुसती दहा तिकिटं होती.

"चाळीस कमी हाय," जमना म्हणाली. "ओकबायची पट्टी कुठाय?"

"कुठची पट्टी?"

"श्रावणात मी तुझ्या हातात दिली ती."

"माझ्या हातात?" नवसी म्हणाली. "श्रावणात तू मला केळीचं पान बी नाय दिलंस!"

जमनाला अगदी डोळ्यांपुढं दिसत होतं, आपण पट्टी नवसीच्या हातात देतोय. माणसाला जे करायचं असतं ते केलंच असं वाटून जातं. आणि तिला आणखी एक गोष्ट दिसत होती. नवसीची मुलगी हेमाली गेल्या महिन्यापासून शाळेत नवा स्टीलचा डबा नेत होती. काचेच्या कपाटात होता तसलाच. चाळीस तिकिटांचा.

"मग हेमालीचा डबा कुठून आला?" जमना भर दुकानात म्हणाली.

कॉलनीच्या दोन-तीन बायका टोपल्या धरून तिथंच थांबल्या. बरोबर आलेली हेमाली आईचा पदर धरून उभी होती, सातवीतली पोर. तिनं खाली बघितलं. शेठ घाईघाईनं म्हणाला, "बस, बस, मावशी. दिवाळी है. चाळीस माझ्याकडून माफ." आणि कुकर खोक्यातून काढून त्यानं काउंटरवर ठेवला, दोघी एकदाच्या जाव्यात म्हणून.

एसटी स्टँडवर नवसी थांबली. "मला चोर म्हनलीस. आता तुझ्या घरात माझा कुकर नको आन माझ्या घरात तुझा नको. मासळीचा वाटा पाडतो तसा वाटा पाड."

"पाड तूच."

नवसीनं कुकर उघडला. झाकण शिट्टीसकट स्वतःच्या रिकाम्या टोपलीत टाकलं आणि खालचा भाग जमनाच्या टोपलीत. मग एकीनं एसटीत पुढची जागा धरली, दुसरीनं मागची.

"आणि पट्टी?" सलोनीनं विचारलं.

"पुढच्या श्रावणात गावली."

आठवा अध्याय उघडला आणि हिरव्या चाळीस समया जमनाकडं बघत होत्या. ती पोथीसमोरच बसून राहिली. दादू होडीची डागडुजी करून आला तेव्हा दिवाही लावला नव्हता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "जा, आत्ता सांगून ये. मासळी आन चूक, दोनी ठेवली का वास सुटतो."

जमना गेली होती. खरंच गेली होती. नवसी ओट्यावर सुका जवळा चाळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "चोराच्या दारात काय काम काढलंस?"

जमनाच्या ओठांवर आलेलं सगळं आत गेलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "चाळण मागायला आले."

नवसीनं हातातली चाळण झटकली, न बोलता तिच्याकडं दिली आणि बाकीचा जवळा हातानं निवडू लागली. दुसऱ्या दिवशी ती चाळण दादूच्या हाती परत गेली.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं झाली. दादू गेला त्या दिवशी नवसी आली, बायकांत बसली, जमनाकडं न बघता रडली आणि उठून गेली. दर श्रावणात आठव्या दिवशी पट्टी निघायची. जमना तिला हात लावायची नाही. पान वाचायची, उलटायची. देवाला सगळं ठाऊक आहे, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि देवाला ठाऊक असलं की नवसीला सांगायची घाई नव्हती.

"आता पोथी दर्यात जाईल," जमना म्हणाली. "तिच्यासंगं ती बी जाईल. देवाच्या पायाशी."

सलोनीनं पट्टी पुन्हा आठव्या अध्यायात ठेवली. मग म्हणाली, "देवानं मागितलीत का ती?"

"जास्त शहाणपना नको करूस. जा, कॉलेजला उशीर होतोय."

पण ते वाक्य जमनाच्या अंगाला काट्यासारखं लागून राहिलं. पुढचे अध्याय तिनं ऐकले खरे, पण हात जोडलेले असताना मनात एकच चाललेलं. पट्टी बुडाली, की जगात कुणाकडंच पुरावा नाही. आपण सुटलो. आणि नवसी? ती चोर ती चोरच राहिली. समाप्तीच्या दिवशी सलोनीनं शेवटची ओवी वाचून पोथी मिटली. नवं लाल कापड, बेल, हळदकुंकू. बांधायच्या आधी जमनानं पोथी मागून घेतली, चाचपत आठव्या अध्यायाशी आली आणि पट्टी काढून चष्म्याच्या डबीत घातली.

पुनवेला नवापूरच्या किनाऱ्यावर सगळा गाव लोटला होता. होड्यांना पताका, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, सोनेरी कागद लावलेला मानाचा नारळ. नीलेशनं गुडघाभर पाण्यात जाऊन पोथी सोडली. लाल कापड दोन लाटांवर दिसलं, मग दिसेनासं झालं. जमनानं नमस्कार केला. सलोनीला म्हणाली, "चल."

नवसी किनाऱ्यावर आली नव्हती. तिचे गुडघे धरलेत, असं कुणीतरी सांगितलं. ती घरापुढच्या ओट्यावर बसली होती, तांदळाचं सूप मांडीवर. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोन ती? गॉगलवाली?"

"मी जमना."

नवसीनं सूप खाली ठेवलं. तिला नीट पाहून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग म्हणाली, "आज काय? चाळण पायजे?"

सलोनीला हसू आलं, पण आजीचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. जमनानं चष्म्याची डबी उघडली आणि पट्टी नवसीच्या हातात ठेवली. ह्या खेपेला खरोखर ठेवली.

"माझ्या पोथीत व्हती. मीच ठेवली आन मीच इसरले. तू नाय घेतलीस."

"कंदी गावली?"

इथं जमनाला खोटं बोलता आलं असतं. ह्या वर्षी, असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? ती म्हणाली, "दुसऱ्याच श्रावणात. चाळण नेली त्या दिवशी."

नवसीनं पट्टी मांडीवर पसरली. बोटानं एक-एक समई मोजत गेली, अगदी चाळीसपर्यंत. मग तिनं ती नाकाला लावली. "बोंबलाचा वास नाय. कापराचा येतो."

"नवसे, मला..."

"मला काय सांगतेस! मला ठाऊकच व्हतं मी घेतली नाय. पोरीला सांग. त्या दिवसापासून तिनं तो डबा शाळेत नेला नाय. दोन वर्सं रुमालात भाकर बांधून नेली. इचारलं का म्हनायची, डबा जड व्हतो."

हे जमनाला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती नवसीचाच विचार करत आली होती. पदर धरून उभी असलेली पोर तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. ती ओट्याच्या पायरीवर खाली बसली.

हेमाली दातिवऱ्याच्या सासरहून सणासाठी आलेली होती; ती किनाऱ्यावरून परतली तेव्हा ऊन चढलं होतं. आता चाळिशीची बाई, कपाळावर घाम, हातात प्रसादाचं खोबरं. जमनाला बघून ती दारातच थबकली.

"बस," नवसी म्हणाली. "हिला काय बोलायचंय तुझ्याशी."

जमनानं सांगितलं. ह्या खेपेला वाक्य सापडायला आणखी जड गेलं, पण सांगितलं. दुकानात तिला चोराची पोर केल्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्या आईनं घेतली नव्हती गं."

हेमालीनं पट्टी हातात घेतली. मग आईकडं न बघता म्हणाली, "मावशी, मला वाटायचं, आईनं घेतलीच असतील."

"काय वाटायचं?" नवसी म्हणाली.

"तू तो डबा कुठून आणला, कधी सांगितलंच नाहीस. मी इचारलं तर थोबाडीत मारलीस."

"मारनार नाय तर काय करनार! आईला चोर का म्हनून इचारते!"

"कुठून आणला, एवढंच मी इचारलं होतं."

नवसीचं तोंड उघडं राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "पालघरच्या बाजारातून. जवला इकून. तुला नवा डबा हवा व्हता ना, म्हनून."

हेमालीनं पदर डोळ्यांना लावला. आईच्या शेजारी बसली आणि प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे करू लागली. एक आईला, एक सलोनीला. थोडं थांबून तिसरा जमनाला दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. जमनानं ते विचारलंही नाही. तिनं खोबरं कपाळाला लावून तोंडात घातलं.

नवसी भिंतीला धरून उठली, आत गेली. भांड्यांचा खणखणाट झाला. बाहेर आली ती कुकरचं झाकण घेऊन. इतकी वर्षं तांदळाच्या डब्यावर दाबून ठेवलेलं, पण घासून लखलखीत. शिट्टी जागेवर होती. जमनाचा हात आपोआप पुढं झाला. नवसीनं झाकण स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

"नाय मिळनार. आज काय हाय?"

"पुनव."

"म्हंजे दर्याला काय?"

"उधाण."

"उधाणाचे आठ दिवस कुकर कुनाचा?"

जमना म्हणाली, "तुझा."

"मग बुडाचा भाग आन की. तुझ्या पोराकडं मोटारसायकल हाय ना? धाड त्याला."

"आतलं रबर सडलं असंल गं."

"बोईसरला रबर मिळत नाय? येताना घेऊन येल तो."

सलोनी बापाला शोधायला किनाऱ्याकडं पळाली. हेमाली पाणी भरायला आत गेली. ओट्यावर दोघीच उरल्या. तेव्हा नवसीनं तांदळाचं सूप जमनाच्या पुढ्यात सरकवलं.

"नुस्ती बसू नको. कुकर येईपर्यंत निवड."

"डॉक्टरनं बारीक बघायचं नाय सांगितलंय."

"मग हातानं निवड."

जमनानं सूप मांडीवर ओढलं आणि बोटांनी खडे शोधू लागली.